गाव सोडावयाचे की काम?

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचे नाव मराठी वाचकाच्या कानी पडते ते बहुधा दोन निमित्तांनी. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य या गावी होते आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही येथेच. म्हणून मराठी गद्याचा उगम सांगताना या गावाचे स्मरण करावेच लागते. दुसरे निमित्त अलीकडचे आहे. २०२४ साली येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आज आम्ही रिद्धपूरचे नाव तिसऱ्याच निमित्ताने घेत आहोत. ते निमित्त ग्रंथाचे नव्हे, पोटाचे आहे. आणि वऱ्हाडातील हजारो घरांशी त्याचा संबंध असल्यामुळेच त्यास पहिल्या पृष्ठावर जागा देणे आम्हांस आवश्यक वाटले.

गेल्या पंधरवड्यात विद्यापीठ पाहण्यासाठी आम्ही रिद्धपूरला गेलो असता, आमच्या मास्तरकीच्या अखेरच्या वर्षांतील एका विद्यार्थ्याच्या घरी डोकावलो. हा मुलगा गणितात हुशार. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो पुण्यास गेला आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहू लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा लॅपटॉप आणि दोन कपडे घेऊन तो गावी परतला. घराच्या माडीवरची, एरवी संत्र्याच्या पेट्या ठेवावयाची खोली त्याने रिकामी केली, टेबल टाकले, इन्व्हर्टर बसविला आणि पुढची साडेतीन वर्षे परदेशच्या ग्राहकांचे काम त्याच खोलीतून केले. त्या साडेतीन वर्षांत त्याला कामाबद्दल कधी बोल लागला नाही. उलट बढती मिळाली. मग एके दिवशी कंपनीचा ई-मेल आला: अमुक तारखेपासून आठवड्यातून तीन दिवस कचेरीत हजर राहावे. तो गेला. न जाऊन सांगतो कोणाला? आम्ही गेलो तेव्हा माडीवरच्या खोलीत पुन्हा पेट्या रचलेल्या होत्या. त्याचे वृद्ध वडील म्हणाले, “पोरगं डोयासमोर होतं तवा घर भरल्यासारखं वाटे. आता फोनवर दिसते.” या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण तेच वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

हा प्रश्न एका घराचा असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. अमरावती, बडनेरा, शेगाव, अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेल्या चाळीस वर्षांत जी मुले-मुली बाहेर पडली, त्यांतील फार मोठा भाग हिंजवडी, खराडी, बंगळूर, हैदराबाद या ठिकाणी स्थिरावला. ही मुले जातात यात आम्हांस दुःख मानावयाचे नाही. तरुणाने जग पाहावे. परंतु जाणे हा एकच मार्ग आहे, अशी जी समजूत होती ती २०२० साली एका आठवड्यात खोटी ठरली, आणि खोटी ठरलेली ती समजूत आज पुन्हा खरी म्हणून लादली जात आहे, हा आमचा मुद्दा आहे.

काय घडले ते थोडक्यात पाहू. टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत लक्षावधी लोकांनी कचेऱ्या सोडल्या आणि काम बंद पडले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने या उद्योगावरील कित्येक जुने निर्बंध उठविले आणि घरून किंवा कोठूनही काम करण्याची वाट मोकळी केली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांसाठीही जुलै २०२२ मध्ये नियमांत घरून काम करण्याची तरतूद आली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या अग्रगण्य कंपनीने तर २०२० सालीच असे जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी आपल्या पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. आणि पुढे? त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले. इन्फोसिसने महिन्यातून दहा दिवसांचा दंडक घातला. इतरांनी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवसांचा मध्यममार्ग काढला. धोरण बदलण्याचा अधिकार कंपन्यांना आहे. परंतु पहिल्या घोषणेवर विश्वास ठेवून ज्यांनी पुण्यातील बिऱ्हाड मोडले, आईवडिलांच्या औषधपाण्याची व्यवस्था आपल्या भरवशावर लावली, मुलांची नावे गावच्या शाळेत घातली, त्यांचे काय, याचा विचार दुसरी घोषणा करताना झाला काय?

या प्रकरणात एक विसंगती आहे आणि ती स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे. आपला सॉफ्टवेअरचा धंदा मुळात अंतरावरच उभा आहे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूर येथे केंद्र काढले आणि उपग्रहाच्या साह्याने काम समुद्रापार पाठविण्यास आरंभ केला. १९८१ साली पुण्यातच जन्मलेली इन्फोसिस घ्या की अन्य कोणतीही कंपनी घ्या, या सर्वांनी पाश्चात्त्य ग्राहकांस गेली तीन दशके हेच पटवून दिले की, काम करणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर असण्याची गरज नाही. तो हजारो कोसांवर असला तरी काम वेळेवर आणि चोख मिळेल. ग्राहकाला ते पटले, म्हणून हिंजवडी उभी राहिली. न्यूयॉर्क आणि पुणे यांमधील अंतर ज्यांना आड येत नाही, त्यांना पुणे आणि रिद्धपूर यांमधील अंतर मात्र आड येते, हे कोडे सामान्य बुद्धीला उलगडणारे नाही.

तथापि एकतर्फी न्याय देणे हा आमचा धर्म नव्हे. कंपन्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ग्राहकाच्या माहितीची गुप्तता घरच्या खोलीत किती राखली जाते, ही शंका रास्त आहे. घरी बसून एकाच वेळी दोन मालकांची चाकरी करणारे लोक निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी अशा तीनशे जणांस काढून टाकल्याचे जाहीर केले होते. ज्यांनी हे केले त्यांनी आपल्या हजारो प्रामाणिक सहकाऱ्यांच्या घरावर निखारा ठेवला, हे सांगावयास आम्ही कचरत नाही. आणि याहूनही महत्त्वाचा प्रश्न नवशिक्यांचा आहे. आमच्याच धंद्याचे उदाहरण देतो. तालुक्याचा वार्ताहर आमच्या कचेरीत कधी बसला नाही. तो आपल्या गावी राहून बातमी पाठवितो आणि वृत्तपत्र नियमाने निघते. परंतु नवा उपसंपादक ज्येष्ठाच्या शेजारी बसूनच तयार होतो. कोणता शब्द का खोडला, हे खोडणाऱ्या हाताकडे पाहिल्याविना कळत नाही. सॉफ्टवेअरचे काम याहून निराळे नसावे.

आणि तसे ते नाही, हे त्या क्षेत्रातील मंडळींच्या बोलण्यावरूनच दिसते. या विषयावर आम्ही गेल्या काही महिन्यांत आमच्या ओळखीच्या अनेक तरुणांशी बोललो. सॉफ्टवेअरवाले सर्व घरूनच काम करू इच्छितात आणि मॅनेजर सर्व त्यांना कचेरीत ओढू पाहतात, असे जे सोपे चित्र रंगविले जाते ते खरे नाही. ज्यांना या धंद्यात दहा-पंधरा वर्षे झाली त्यांचे म्हणणे असे की, हे काम अखंड लक्ष मागते. चार तास कोणी न बोलावता मिळाले तर जे साधते ते गजबजलेल्या दालनात दोन दिवसांतही साधत नाही. आणि हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जे दोन-अडीच तास खोळंबून जातात त्यांचा मोबदला कोणी देत नाही. उलट, जो मुलगा २०२१ साली महाविद्यालयातून थेट घरच्याच टेबलावर नोकरीस लागला, त्याने आम्हांस सांगितले की, पहिले वर्षभर आपण काय शिकलो ते आपल्यालाच कळले नाही. शंका विचारावी तर निरोप पाठवावयाचा, आणि उत्तर तीन तासांनी यावयाचे. तोवर दुसरी शंका उभी. ‘दोन वर्षे मला कोणाच्या तरी शेजारी बसू द्या, मग खुशाल गावी पाठवा,’ असे तो म्हणाला. हा त्याचा समंजसपणा आम्हांस फार भावला.

स्त्रियांची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. बाळंतपणानंतर ज्यांची नोकरी सुटलीच असती अशा कित्येक जणींची नोकरी घरून काम करता आल्यामुळे टिकली. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तीत रजेनंतर उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याची मुभा लिहिलेलीच होती. म्हणजे टाळेबंदीपूर्वीच संसदेने ही गरज ओळखली होती. परंतु दुसरीकडे, ‘घरीच आहेस तर कुकर लाव,’ ‘घरीच आहेस तर पाहुण्यांचे पाहा,’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावे लागते ते एखाद्या सुनेस विचारावे. पुरुष घरून काम करू लागला की त्याच्या खोलीचे दार लोटले जाते आणि मुलांस गप्प केले जाते. स्त्री घरून काम करू लागली की तिच्या खोलीस दारच उरत नाही. एका अकोल्याच्या मुलीने आम्हांस सांगितले की, आपण कचेरीत परत गेलो ते कंपनीच्या हुकमाने नव्हे, आठ तासांच्या शांततेसाठी. या वाक्याने आपण सुशिक्षित कुटुंबांनी खाली मान घालावयास हवी.

अनुभवी लोकांचे हे बोल आणि विद्वानांची संशोधने यांत विरोध नाही. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी शांघाय येथील एका प्रवासी कंपनीत, दूरध्वनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिने घरून काम करणाऱ्यांचे काम तेरा टक्क्यांनी वाढले. परंतु पुढे निवड करण्याची मोकळीक मिळताच त्यांतील कित्येक जण एकाकीपणाला कंटाळून कचेरीत परतले. त्याच कंपनीतील दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात सोळाशेंवर कर्मचारी होते आणि त्यांत सॉफ्टवेअर लिहिणारेही होते. दोन दिवस घरून काम दिल्याने कामाच्या दर्जात काही उणे झाले नाही, बढत्यांतही फरक पडला नाही, मात्र नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले. याउलट, आशियातील एका मोठ्या आय. टी. कंपनीतील दहा हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की, २०२० मध्ये घरी गेल्यावर त्यांचे कामाचे तास वाढले, पण कामाची निपज वाढली नाही. जास्तीचा वेळ बैठकांनी खाल्ला. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्याच एका अमेरिकन पाहणीत आढळले की, सहकाऱ्याशेजारी बसणाऱ्या नवख्यास त्याच्या कामावर अधिक सूचना मिळतात, पण त्या सूचना देण्यात ज्येष्ठांचे स्वतःचे काम मागे पडते. या सर्वांचा इत्यर्थ एवढाच की, घर चांगले की कचेरी चांगली, या प्रश्नास उत्तर नाही. कोणासाठी, नोकरीच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या निवडीने, हे विचारल्यास उत्तर आहे.

येथेच आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. आठवड्यातून तीन दिवस कचेरी आणि दोन दिवस घर, हा तोडगा आज सर्वांस न्याय्य वाटतो. वृत्तपत्रांतून त्याची स्तुती होते, कंपन्या तो उदारपणाची खूण म्हणून मिरवितात. हा तोडगा न्याय्य आहेही, पण कोणाला? ज्याचे घर कोथरूडला किंवा पिंपळे सौदागरला आहे त्याला. त्याच्यासाठी तीन आणि दोन यांत फरक आहे. ज्याचे घर रिद्धपुरास आहे त्याच्यासाठी तीन दिवस म्हणजे सातही दिवस होत. अमरावतीहून पुणे म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरांच्या आसपास. रात्र गाडीत काढावी किंवा ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये काढावी. दर आठवड्याला ही ये-जा मनुष्याच्या शरीराला झेपणारी नाही आणि खिशालाही परवडणारी नाही. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली याचा आम्हांस आनंद आहे, पण तिने हा प्रश्न सुटत नाही. म्हणजे ज्याला मध्यममार्ग म्हणावयाचे तो शहरवासीयांपुरता मध्यम आहे. वऱ्हाडच्या मुलासाठी तो पूर्ण परतीचा हुकूम आहे. पुण्यात भाड्याची खोली घ्यावयाचीच, खानावळ लावावयाचीच; मग उरलेले दोन दिवस त्याने त्या भाड्याच्या खोलीत बसून ‘घरून’ काम करावयाचे! या शब्दाची याहून अधिक थट्टा ती कोणती?

वस्तुतः यावर उपाय अवघड नाही. एकत्र बसण्याची गरज आहे ना? ती मान्य. मग ते दिवस आठवड्यात विखरण्याऐवजी एकवट करावेत. महिन्यातून दहा दिवस हवे असतील तर ते सलग घ्या. तीन महिन्यांतून तीन-चार आठवडे हवे असतील तर तेही सलग घ्या. त्या काळात सर्व सहकाऱ्यांस एकाच वेळी बोलवा, नव्यांस जुन्यांच्या शेजारी बसवा, आराखडे आखा, चुका दाखवा, भांडा आणि मिटवा. मग ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन लिहावे. आज काय होते? मुलगा धडपडत कचेरीत जातो, तर त्याचा वरिष्ठ बंगळुरात आणि सहकारी चेन्नईत. कानाला यंत्र लावून तो दिवसभर त्यांच्याशीच बोलतो, जसे तो माडीवरच्या खोलीतून बोलत होता. हजेरी मात्र लागते.

हजेरीवरून आम्हांस आमचे मास्तरकीचे दिवस आठवतात. वर्गात हजेरीपट भरला की शाळा चालली, असे मानणारे अधिकारी तेव्हाही होते. पण मास्तराला ठाऊक असते की, तिसऱ्या बाकावरचा मुलगा हजर असूनही खिडकीबाहेरच्या चिंचेवर असतो, आणि कापूस वेचणीमुळे गैरहजर असलेला मुलगा कधी कधी संध्याकाळी कंदिलाशी बसून गणिते संपवून आणतो. म्हणून हजेरी निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण हजेरी ही अभ्यासाची खूण आहे, अभ्यास नव्हे. दारावरच्या यंत्रात कार्ड किती वेळा फिरले यावरून कर्मचाऱ्याची निष्ठा मोजू पाहणे, किंवा घरी असलेल्याच्या पडद्यावर सारखी पाळत ठेवणे, हे दोन्ही काम मोजता न येण्याची कबुली होय. ज्या मॅनेजरला आपल्या माणसाने महिन्यात काय केले ते सांगता येत नाही, त्यास तो माणूस समोर बसविल्यानेही ते सांगता येणार नाही.

वऱ्हाडाला या प्रश्नाचे महत्त्व विशेष का, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगाव, अकोला, अमरावती येथे पेठा फुगल्या, पुढे रेचे आले, प्रेस आले. आपण काय केले? सरकी काढली, गाठी बांधल्या आणि रवाना केल्या. सूत अन्यत्र निघाले, कापड अन्यत्र विणले गेले, आणि तेच कापड आपण दाम मोजून परत घेतले. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या महाविद्यालयांनी तरुणांच्या बाबतीत याहून वेगळे काय केले? पदवीचा शिक्का मारून गाठी बांधल्या आणि पुण्याच्या गाडीत चढविल्या. २०२० ते २०२३ या काळात प्रथमच असे घडले की, गाठ येथेच उघडली आणि सूत येथेच निघाले. शेतकरी बापाच्या घरात, जेथे पैसा यावयाचा तो हंगामाच्या लहरीवर, तेथे महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला आणि तो गावच्या दुकानात खर्च होऊ लागला. कोणी बापाच्या बागेत ठिबक बसविले, कोणी धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा भार घेतला, कोणी गावच्या मुलांस संध्याकाळी संगणक शिकविला. या गोष्टींची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही. पण जे गाव चालते ते अशाच गोष्टींवर चालते.

रिद्धपूरचे नाव आम्ही आरंभी घेतले ते केवळ आमचा विद्यार्थी तेथला म्हणून नव्हे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ कसे रचले? श्रीचक्रधरांचे शिष्य ठिकठिकाणी विखुरलेले होते. म्हाइंभट त्यांच्यापर्यंत चालत गेले, ज्याच्या-त्याच्या ठायी त्याच्या आठवणी ऐकल्या आणि टिपल्या; त्या सर्वांस एका गावी वास्तव्यास येण्याचे फर्मान त्यांनी काढले नाही. परंतु जे मिळाले ते नागदेवाचार्यांसमोर ठेवून, त्यांच्याकडून पारखून घेऊन, मगच ग्रंथात घातले. विखुरलेल्यांनी आपापल्या जागी राहावे आणि पारखण्यासाठी एकत्र बसावे, ही कामाची रीत या मातीला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. आधुनिक सॉफ्टवेअरनेही तीच रीत स्वीकारली आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली जगभर पांगलेल्या हजारो जणांनी लिहिली. ज्याने त्याने आपल्या घरून लिहावे, आणि पारखून घेतल्यावाचून एक ओळही आत येऊ नये, असा तिचा शिरस्ता आहे. आज जगातील बहुतेक मोठे संगणक तिच्यावर चालतात.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. कंपन्यांनी नवशिक्यांस पहिली दोन वर्षे जवळ बसवावे. त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. त्यानंतर मात्र कामाचे स्थान हा नेमणुकीच्या कराराचा भाग असावा, ई-मेलने रातोरात बदलण्याचा नव्हे. आणि एकत्र येण्याचे दिवस सलग असावेत. घरून काम म्हणजे चोवीस तास काम, असाही अर्थ कोणी काढू नये. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क कायद्याने मानला आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे अशासकीय विधेयक मांडले होते, त्याची चर्चा तरी व्हावी. सॉफ्टवेअरच्या मंडळींनीही हे विसरू नये की, विश्वास ही एकट्याची मालमत्ता नसते. एकाने दोन ठिकाणी चाकरी केली की दहा जणांची मुभा जाते. शिवाय, जे काम रिद्धपुराहून होते ते उद्या आणखी स्वस्त अशा दुसऱ्या देशातूनही होऊ शकेल. त्यावर उत्तर एकच: आपले काम असे असावे की त्याला दुसऱ्याचा पर्याय सहज सापडू नये.

सरकारने आपल्या वाट्याचे करावे. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार गेली, असे फलक आम्ही वाचतो. ती तार पावसाळ्यातही चालू राहावी आणि महावितरणची वीज दिवसा टिकावी, एवढे झाले तरी पुष्कळ. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने गावोगावी वाचनालये उभी राहिली. त्यांतील निवडक ठिकाणी एक शांत खोली, चार टेबले, अखंड वीज आणि इंटरनेट यांची सोय करावी. ज्या सुनेच्या खोलीस दार नाही तिला तेथे दार मिळेल, आणि ज्या एकाकी तरुणाला घर खावयास उठते त्याला शेजार मिळेल. रिद्धपूरच्या नव्या विद्यापीठाने अशी पहिली खोली काढली तर भाषेचे आणि पोटाचे नाते तेथे उघड दिसेल.

शेवटी दोन शब्द आपणा वाचकांस. टाळेबंदीच्या काळात गावी राहून मोठा पगार मिळविणाऱ्या मुलांची लग्ने अडली, कारण मुलीकडची मंडळी विचारीत, ‘ऑफिस कोठे आहे?’ आणि ‘घरीच असतो’ या उत्तरावर एकमेकांकडे पाहत. मुलगा पुण्यात आहे हे आपण अभिमानाने सांगतो; मुलगा गावी आहे हे सांगताना आवाज खाली जातो. काम म्हणजे दूर जाणे, अशी आपली धारणा झाली आहे. ती जोवर आपण बदलत नाही, तोवर कंपन्यांना दोष देण्याचा आपणांस निम्माच अधिकार आहे.

ज्याला जावयाचे आहे त्याने अवश्य जावे. आमची मागणी एवढीच आहे की, ज्याला राहावयाचे आहे आणि ज्याचे काम राहून होते, त्याच्यापुढे गाव सोडावयाचे की काम, असा प्रश्न कोणी टाकू नये. रिद्धपूरच्या त्या माडीवर आजही टेबल आहे. त्यावर पेट्या रचलेल्या आहेत, एवढेच.